मिस्त्रींची माशांची टाकी

आमच्या ह्यांनी एकेचाळीस वर्षं लोकांच्या घरातलं पाणी बाहेर काढलं. फरशी बसवणं हा धंदा, आणि त्यातही बाथरूमची फरशी ही खासियत. काम संपलं की हे एक बादली पाणी ओतायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि बघत उभे राहायचे. पाणी शिस्तीत जाळीकडे निघालं की झालं. वाटेत कुठे तळहाताएवढं जरी थांबलं, तरी ह्यांचा चेहरा असा पडायचा की घरमालकाला वाटावं, घरातलं कुणीतरी गेलं. थांबलेलं पाणी म्हणजे चूक, एवढं एकच तत्त्वज्ञान या माणसाने आयुष्यभर सांभाळलं. आणि अशा माणसाला आमच्या मुलीने माशांची टाकी भेट दिली.

भेट कसली, तो कट होता. आणि त्यात मी सामील होते, हे आधीच कबूल करून टाकते.

कट कशासाठी, ते कळायला गुडघ्यांपासून सुरुवात करावी लागेल. फरशीचं काम उभ्याने होत नाही. एकेचाळीस वर्षं हे उकिडवे बसले, गुडघ्यांवर सरकले, रांगले. आमच्या मुलीने रांगणं सोडलं, ह्यांनी नाही. गेल्या वर्षी जिना उतरताना ह्यांचे गुडघे असे वाजायला लागले की वरच्या मजल्यावरची शेजारीण दार उघडून बघायची. शेवटी मी ह्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, उजेडासमोर धरले आणि म्हणाल्या, "तुमचे गुडघे ऐंशी वर्षांचे आहेत."

"पण मी चौसष्टचा आहे," हे म्हणाले.

"मग ते तुमच्यापेक्षा वडील आहेत. त्यांचा मान ठेवा. जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच नाही. खुर्ची वापरा. आणखी एक वर्ष फरशीवर काढलंत, तर गुडघे बदलावे लागतील, आणि त्यानंतरही धड चालाल याची मी हमी देत नाही."

हे घरी आले, खुर्चीकडे एक नजर टाकली आणि जमिनीवर बसले. म्हणाले, "त्या बाईंच्या दवाखान्यात दाराजवळची फरशी पोकळ आहे. चालताना आवाज आला मला."

त्याच आठवड्यात ठेकेदार आला. हा ठेकेदार वीस वर्षं ह्यांच्याकडून काम करून घेतोय. माणूस वाईट नाही, पण त्याला 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. नवं हॉटेल होत होतं, एकशे वीस खोल्यांचं, म्हणजे एकशे वीस बाथरूम. दहा-बारा आठवड्यांत पाइपांचं काम उरकलं की फरशी सुरू. "मास्तर, हे काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही," असं म्हणून त्याने ह्यांचा हात हातात घेतला. आणि ह्यांनी काय करावं? गुडघ्यांचं अवाक्षर काढलं नाही. मूग गिळून बसले. वर म्हणाले, "बघू. पाइपांचं होऊ दे आधी."

या माणसाचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. बत्तीस वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या कचेरीत कारकून होते आणि हे तिथे फरशी बसवायला आले होते. माझ्याशी बोललेले पहिले शब्द "बाई, पाय उचला" असे होते. मी पाय खुर्चीवर घेऊन तासभर बसले आणि हे माझ्या टेबलाखाली शिरून फरशी बसवत राहिले. चार दिवसांनी मी विचारलं, "काम संपल्यावर पुन्हा येणार का इकडे?" हे म्हणाले, "बघू." सहा महिन्यांत आमचं लग्न झालं होतं. म्हणून ठेकेदाराला 'बघू' म्हटलेलं ऐकलं आणि मी काय ते समजले. हे जाणार, एकशे वीस बाथरूम रांगणार आणि मग मी ह्यांना दोन्ही हातांनी धरून खिडकीपर्यंत नेत बसणार. मला ते नको होतं. म्हातारपणी ह्यांच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जायचं, एवढीच माझी इच्छा होती, आणि तिला चार गुडघे लागतात.

मी मुलीला फोन केला. मुलगी आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते आणि तिला सगळ्यावर तोडगा माहीत असतो. ती म्हणाली, "आई, बाबांना हाताला काम पाहिजे. त्यांना माशांची टाकी आणून देते. कोमट पाण्यातले रंगीत मासे, झाडं, दगड, सजावट. एकदा नाद लागला की माणूस खुर्चीत बसून तासन् तास बघत राहतो. हॉटेल विसरतील."

'खुर्चीत बसून' हे शब्द ऐकले आणि मी विरघळले.

टाकी आली. तीन फूट लांब, कोरी काच. ह्यांनी आधी तिच्यावर बोटाने टकटक करून कान लावला. "आवाज भरीव आहे," म्हणाले. मग टाकी उलटी करून खाली बघितलं, सुलटी करून आत बघितलं.

"जाळी कुठाय?"

"कसली जाळी?"

"पाणी जाणार कुठून?"

"जाणार नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "ते आतच राहणार."

"कायम?"

"कायम."

ह्यांनी पाणी मागितलं. प्यायला.

पण मुलीचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरले होते. टाकीचा वरून नकाशा, समोरून नकाशा आणि मधोमध कापल्यावर दिसेल तसा नकाशा. मापं मिलिमीटरमध्ये. मला बोलावून विचारलं, "मासे किती जण असतील?"

"दहा-बारा."

"एका वेळी सगळे वापरणार?"

"अहो, ते तिथे राहणार आहेत. वेळ ठरवून येणार नाहीत."

"मग ये-जा करायला मध्ये दोन फूट मोकळे पाहिजेत," असं म्हणून ह्यांनी रेघ ओढली. पाणी गरम ठेवणाऱ्या नळीला हे पहिल्या दिवसापासून गिझर म्हणतात. पाणी गाळणाऱ्या यंत्राला मोरी म्हणतात. मी सुधारायचा प्रयत्न केला, पण तो पालथ्या घड्यावर पाणी होता.

सजावटीवरून मात्र आमचं वाजलं. मला आत हिरवीगार झाडं हवी होती, एक वाकडंतिकडं लाकडाचं मूळ हवं होतं, आणि मुख्य म्हणजे खजिन्याची पेटी हवी होती. ती हवेच्या फुग्यांनी उघडते आणि मिटते. मी ती दुकानाच्या काचेतून पाहिली होती आणि तेव्हाच तिच्यावर जीव जडला होता.

"पेटी उघडते," हे म्हणाले. "आत काय आहे?"

"फुगे."

"मग उघडते कशाला?"

"बघायला छान वाटतं म्हणून."

"बिनकामाचं दार मी माझ्या कामात बसवत नाही," हे म्हणाले आणि नकाशातून माझी पेटी खोडरबराने पुसली. मी ती पेनाने पुन्हा काढली.

मग आम्ही माशांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाई ठेंगण्या, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, आणि पंपांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे साधं बोलणंही ओरडून. हे दारातच थांबले आणि खाली बघायला लागले. जमिनीवर मधोमध डबकं होतं.

"तुमच्या फरशीचा ढाळ उलटा आहे," ह्यांनी नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं.

"बारा वर्षं रोज पुसतेय!" बाई ओरडल्या.

"पुसणारच. पाण्याचा काय दोष?"

मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. पण बाईंनी ह्यांच्याकडे आदराने पाहिलं. बारा वर्षांत त्यांच्या दुःखाची दखल घेणारा हा पहिलाच माणूस असावा. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पाणी सव्वीस अंशांवर ठेवायचं. तळाला बारीक वाळू. झाडं आधी. आणि सगळं लावून झालं की चार-पाच आठवडे टाकी माशांशिवाय नुसती चालू ठेवायची, कारण घाण पचवणारे जंतू पाण्यात तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. "इथेच सगळे पहिलटकर फसतात!" बाई ओरडल्या. "आज टाकी आणतात, उद्या मासे सोडतात आणि परवा माझ्याकडे रडत येतात!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान डोलावत होते. "तराई," म्हणाले. "सिमेंटला पण पाणी पाजावं लागतं. घाई करणाऱ्याची भिंत तडकते." बाईंना तराई म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि ह्यांना जंतू म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण दोघांचं एकमत झालं. येताना मी पेटी विकत घेतली. हे दुसरीकडे बघत होते.

त्यानंतर ह्यांनी पुढच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. तीन दिवस आतून ठोकण्याचा आणि घासण्याचा आवाज. मला फक्त पहिल्या दिवशी आत डोकावू दिलं. भिंतीला लागून विटांचा एक ओटा बांधायला घेतला होता, वीतभर उंचीचा. टाकी यावरच राहणार, भरल्यावर तिचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं, टेबलाचं काम नाही, असं ह्यांनी सांगितलं. मला ते पटलं. अजून चार-पाच थर चढतील असं मी धरून चालले आणि स्वयंपाकाला लागले.

चौथ्या दिवशी मला आणि मुलीला आत बोलावलं. ओट्यावर टाकी होती, आणि आम्हा दोघींचं लक्ष थेट तिच्या आत गेलं. पाणी अजून नव्हतं. तळाला नखाएवढ्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, एकेक मोजून बसवलेल्या. मागच्या काचेला चार बोटं उंचीची पट्टी. सांधे दोऱ्यासारखे सरळ. आणि तळ उजव्या कोपऱ्याकडे हळूच उतरत गेलेला, आणि त्या कोपऱ्यात स्टीलची चकचकीत जाळी.

"अहो! भोक पाडलंत?" मी किंचाळले.

"नाही गं. खाली काही नाही. नुसती जाळी आहे." मग जरा ओशाळून म्हणाले, "मनाला बरं वाटतं."

मुलगी हसून हसून भिंतीला टेकली. मी फोटो काढून दुकानातल्या बाईंना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. फोन मी कानापासून हातभर लांब धरला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे बाथरूम आहे!"

"हो," हे अभिमानाने म्हणाले.

"सांधे कशाने भरलेत?"

"पांढऱ्या सिमेंटने."

मग बाई, चक्क हळू आवाजात, म्हणाल्या, "मास्तर, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. मासे मरतील हो. कुठलाही दगड टाकीत ठेवण्याआधी त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून बघतात. फसफसलं, तर तो दगड नको."

ह्यांचा चेहरा उतरला. कारण ही परीक्षा ह्यांना शिकवायची गरजच नव्हती. ज्या ज्या घरात ह्यांनी संगमरवर बसवला, त्या त्या घरातल्या बाईला बजावलं होतं की लिंबू सांडू देऊ नका, दगडातला चुना आंबटाला खदखदतो. एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं आणि स्वतःच्या टाकीत विसरले. हे स्वयंपाकघरातून व्हिनेगर घेऊन आले, सांध्यावर एक थेंब टाकला. फस्स झालं. मला खरंच वाईट वाटलं. चुकीचं काम केलं असं ह्यांना कुणी म्हणालेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

पण हे रडत बसणारे नव्हेत. सगळ्यांत बारीक छिन्नी काढली आणि दोन दिवसांत सगळ्या टाइल्स उखडल्या, काचेला ओरखडा न येऊ देता. मग टाकी सात वेळा धुतली. वाळू आणली, ती अकरा वेळा धुतली. लाकडाचं मूळ आलं, झाडं आली. झाडं लावताना ह्यांनी दोन रोपांमध्ये टाइल्समध्ये ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या फुल्या ठेवल्या, म्हणजे अंतर सारखं राहील. मी त्या गुपचूप काढल्या.

मी एक दिवस मुलीकडे गेले होते. परत आले तर पुढच्या खोलीत निळसर उजेड. टाकी भरली होती, दिवा लागला होता, मोरी गुरगुरत होती. मी आनंदाने खुर्ची ओढली, टाकीसमोर ठेवली आणि बसले. समोर टाकीचं झाकण. झाकणावर वायर. बाकी काही नाही.

"अहो, काहीच दिसत नाही."

"दिसेल कसं? खाली बस ना," आवाज माझ्या पायाजवळून आला. हे जमिनीवर एक पाय लांब करून बसले होते आणि ह्यांच्या डोळ्यांवर टाकीचा उजेड पडला होता. "इथून बघ. एक नंबर दिसतं."

"तो ओटा एवढाच ठेवलात? वीतभर?"

"मोजून ठेवलाय. डोळ्यांची उंची धरली."

"कुणाच्या डोळ्यांची?"

"माणसाच्या," हे म्हणाले, अगदी निरागसपणे.

मी डोक्याला हात लावला. या माणसाच्या जगात माणसाचे डोळे जमिनीपासून दोन फुटांवर असतात. आयुष्यभर ह्यांनी जग तिथूनच पाहिलं. लोकांच्या घरी जाऊन आले की हे टेबलांच्या खालच्या बाजू ओळखतात, वरच्या नाही. ह्यांना खुर्चीत बसवायला टाकी आणली, आणि त्याच टाकीने ह्यांना जमिनीवर बसवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण मला हसू येतंय."

टाकी उचलून वर ठेवणं शक्य नव्हतं. भरलेली टाकी हलवली की सांधे सुटतात, असं दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं. रिकामी करून पुन्हा भरायची तर ह्यांची तराई मोडणार होती, आणि तो विषय काढायची सोय नव्हती. हे रोज चार-चार तास जमिनीवर. मी खाली जाड सतरंजी अंथरली, तिच्यावर उशी ठेवली, पाठीला लोड दिला. उठताना हे कपाटाला धरायचे, ओठ दाबायचे आणि मी कुठे आहे ते आधी बघून घ्यायचे. मी तेव्हा नेमकी भांडी घासत असायची. दुखत नाही असं हे दाखवायचे आणि दिसत नाही असं मी दाखवायची. असे पाच आठवडे गेले.

मग मासे आले. पाण्यात निळी-लाल रेघ ओढल्यासारखे आठ इवलेसे आणि तळाशी राहणारे चार मिशीवाले. पिशवी आधी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे माशांना पाणी अंगवळणी पडतं, असं बाईंनी सांगितलं होतं. ह्यांनी ताबडतोब मान्य केलं. टाइल्ससुद्धा बसवण्याआधी भिजत घालतात. अर्ध्या तासाने मासे सुटले आणि हे मोठ्याने हसले. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं! मला फसलेल्या कटाचा सगळा राग विसरून ह्यांच्या शेजारी सतरंजीवर बसावंसं वाटलं, आणि मी बसलेही.

तळाच्या वाळूवरून मात्र भांडण पेटलं. वाळू ह्यांनी पट्टीने सपाट केलेली, चारी कोपरे एका पातळीत. मिशीवाले आले आणि त्यांनी तासाभरात ती नांगरून टाकली. खड्डे, ढिगारे, सगळं. ह्यांनी बाह्या वर करून हात आत घातला आणि पट्टीने पुन्हा सारखी केली. मिशीवाल्यांनी पुन्हा उकरली. हे आठवडाभर चाललं. "यांना शिस्त म्हणून नाही," हे करवादायचे. त्यांतल्या सगळ्यांत जाड्याचं नाव ह्यांनी मुकादम ठेवलं, कारण तो स्वतः काही करत नसे, फक्त बाकीचे उकरत असताना मिशा हलवत फिरायचा. माझी पेटी मी मधोमध ठेवली होती. ती उघडली की निळे मासे घाबरून पळायचे, मिटली की परत यायचे, आणि मुकादम तिच्याच सावलीत झोपायचा. "निदान एकाला तरी उपयोग झाला," हे म्हणाले. ह्यांच्याकडून याहून मोठं कौतुक होत नाही.

आणि एका रविवारी सकाळी ठेकेदार आला.

दार मी उघडलं. "वहिनी, पाइप झाले!" त्याने पायपुसण्यावरूनच सांगितलं आणि सरळ पुढच्या खोलीत शिरला. हे तिथे सतरंजीवर, कोपरापर्यंत हात पाण्यात, मुकादमाशी वाद घालत. सकाळी सातपासून बसले होते. दहा वाजून गेले होते.

"ये, बस," हे म्हणाले. ठेकेदार बिचारा खाली बसला, त्याने टाकी बघितली, तोंडभर कौतुक केलं. मग हॉटेलवर आला. टाइल्स आल्यात, मोठ्या, दोन बाय चार फुटांच्या. ढाळ अवघड आहेत. दोन मिस्त्री बघितले, दोघांनी नमुन्याचं बाथरूम बिघडवलं. ह्यांचे डोळे चमकायला लागले. "जाळी कोपऱ्यात का मध्ये?" असं ह्यांनी विचारलं, आणि मी चहाचा कप ठेवता ठेवता थांबले. आता हे 'हो' म्हणणार, हे मला दिसत होतं.

"चला की, मास्तर," ठेकेदार टुणकन उठला. "खाली गाडी उभी आहे. आत्ताच जागा बघून येऊ."

"चल," हे म्हणाले.

आणि उठले नाहीत.

हात पुसला. टाकीकडे बघितलं. "एक मिनिट, हा मुकादम काय करतोय बघ," म्हणाले. ठेकेदाराने वाकून बघितलं. मुकादम झोपला होता. हे म्हणाले, "चहा घे ना अजून." ठेकेदाराने उभ्याने दुसरा कप घेतला. ह्यांनी त्याला गिझर दाखवला, मोरी दाखवली, झाडांची नावं सांगितली, त्यातली दोन चुकीची. ठेकेदार किल्ल्या वाजवत उभा. ह्यांचा एक हात कपाटाच्या कडेवर गेला, बोटं पांढरी पडली, आणि हात परत खाली आला.

मला सगळं कळत होतं. पुढे होऊन हात द्यावा, तर ठेकेदारासमोर ह्यांची लाज काढल्यासारखं होणार. वीस वर्षं त्याने ह्यांना 'मास्तर' म्हटलंय. न द्यावा, तर हे संध्याकाळपर्यंत त्याला झाडांची नावं सांगत बसणार. मी ट्रे घट्ट धरून उभी राहिले.

मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, "अगं, हात दे."

बत्तीस वर्षांत हे दोन शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी ट्रे टाकलाच जवळजवळ. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ठेकेदार. गुडघे वाजले, तेही असे की निळे मासे मुळाखाली पळाले. हे उभे राहिले. माझ्या खांद्यावर भार टाकून उभेच राहिले. ठेकेदार किल्ल्या खिशात घालत म्हणाला, "मास्तर, मला सांगितलं नाहीत."

"सांगतोय आता," हे म्हणाले. मग खाली टाकीकडे बघितलं. उभ्या माणसाला काय दिसणार, झाकण आणि वायर. ह्यांनी ते नीट न्याहाळलं, आयुष्यात पहिल्यांदाच वरून. "उद्या तुझी चार माणसं पाठव. पाणी मी आज काढून ठेवतो, निम्मं बादल्यांत जपून. ही टाकी वर घ्यायचीय."

"पाठवतो. आणि हॉटेल?"

"त्या दोघांतल्या एकाला माझ्याकडे पाठव. ढाळ कसा काढायचा ते मी त्याला सांगतो. इथूनच."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ठेकेदार दोन पावलं मागे सरकला, रडणाऱ्या बायकांपुढे त्याचं काही चालत नाही. घसा साफ करून त्याने कामाचं विचारलं, "किती वर घ्यायची, मास्तर?"

ह्यांनी माझा खांदा सोडला, हातानेच चाचपत खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. मग डोळ्यांसमोर तळहात आडवा धरला, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथपर्यंत."

ठेकेदाराने पेन्सिल काढून भिंतीवर खूण केली.